हे कोटेशन परत न्या

बसा. दारात उभे आहेत ते दोघंही आत या. चहा नंतर मिळेल.

पाळकसाहेबांनी काल संध्याकाळी मला तुमचं कोटेशन दाखवलं. १६ चॅनेलचा मिक्सर, आत ९९ इफेक्ट, ब्लूटूथ, यूएसबी, निळे दिवे. किंमत ४२,५०० रुपये. खाली तरुण संघातल्या पाच जणांच्या सह्या. त्या पाचांतल्या चौघांना मी नववीला विज्ञान शिकवलंय आणि पाचव्याच्या आईला शिकवलंय. पाळकसाहेब मृदू स्वभावाचे आहेत, ते तुम्हाला टोचून बोलायचे नाहीत. म्हणून मी बोलणार आहे. मान खाली घालू नका, माझ्याकडे बघून ऐका.

सत्तर-ऐंशी माणसांच्या मंडळीला १६ चॅनेल कशाला लागतात? सांगा. "पुढेमागे लागतील" हे उत्तर मी वर्गातही चालवून घेतलं नसतं. "पलीकडच्या गावच्या मंडळीने घेतलाय" हे तर त्याहून वाईट. त्यांच्या गरजा त्यांना ठाऊक. तुम्हाला तुमच्या ठाऊक आहेत का, एवढंच मी विचारतेय.

शुभ शुक्रवारची दुपार आठवा. बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार. बोलायला सात जण. पत्रा तापलेला, पंखे सगळे पाचवर. चौथ्या उद्गाराला माईकने अशी शीळ घातली की पुढच्या बाकावरचं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. तुमच्यातला एक जण धावत गेला आणि त्याने सगळी बटणं खाली ओढली. बोलणाऱ्याचा आवाजच गेला. मग सगळी वर ढकलली. पुन्हा शीळ. असं तीन वेळा झालं. कोणत्या बटणाने काय होतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि गेली दोन वर्षं दर रविवारी तोच तिथे बसतो.

शेवटच्या बाकावर खिडकीशी आजी बसतात. वय ऐंशीच्या पुढे. घरून निघायला त्यांना एक तास आधी तयारी करावी लागते, कारण गुडघे चालत नाहीत. उपासना सुटल्यावर मी त्यांचा हात धरून पायऱ्या उतरवत होते. त्या म्हणाल्या, "बाई, आज आवाज लई आला, पण शब्द एक बी नाही आला."

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. आपलेच कान गेले असं त्यांना वाटत होतं. मला त्याची जास्त लाज वाटली. दोष आपला, आणि ती म्हातारी बाई तो स्वतःच्या कानांवर घेऊन घरी गेली.

तुम्ही मात्र काय ठरवलंत? मिक्सर जुना झाला, मोठा आणू. तपासलं कुणी? कुणी नाही. सोमवारी पाळकसाहेबांकडून किल्ली घेऊन मी आले, एकटी. टॉर्च लावून प्रत्येक वायर हाताने चाचपत गेले. काय सापडलं ते ऐका.

मिक्सरमधून निघालेली वायर अॅम्प्लिफायरच्या माईकच्या सॉकेटमध्ये खोचलेली. शेजारी 'लाईन'चं सॉकेट रिकामं, त्यावर कोळ्याचं जाळं. मी वर्गात मिलिव्होल्ट शिकवले होते ना? माणूस जवळून बोलला तर साध्या डायनॅमिक माईकमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात, व्होल्टचा हजारावा हिस्सा म्हणा. मिक्सर ते वाढवून एक व्होल्टच्या आसपास नेऊन बाहेर सोडतो. म्हणजे जिथे वाटीभर पाणी अपेक्षित आहे तिथे तुम्ही पाटाचं पाणी सोडलंत. अॅम्प्लिफायर ते घेणार कसं? तो फाटणार, खरखरणार. दोन वर्षं आपण सगळे तो फाटका आवाज ऐकतोय आणि समजतोय की यंत्र म्हातारं झालं.

दुसरं. आवाजाचे बॉक्स पुलपिटाच्या मागच्या भिंतीवर, तोंड थेट माईककडे. बॉक्समधून निघालेला आवाज माईकमध्ये शिरतो, माईकमधून पुन्हा बॉक्समध्ये, आणि तीच फेरी वाढत वाढत जाऊन शीळ होते. याला कुठलाही मिक्सर जबाबदार नाही. बॉक्स माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून हवेत. त्यासाठी दोन ब्रॅकेट आणि एक दुपार लागते, ४२,५०० रुपये लागत नाहीत.

तिसरं, आणि यावर मी खरंच संतापले आहे. अॅम्प्लिफायरच्या प्लगची जाड पिन तोडलेली. कुणी तोडली ते मला सांगू नका, नाव ऐकलं तर मला त्याच्या घरी जावं लागेल. अर्थिंगची पिन असते ती. "बोर्डात बसत नव्हती" म्हणून तोडली असणार, किंवा गुणगुण येत होती म्हणून. पुलपिटापाशी माईक लोखंडी जाळीचा, स्टँड लोखंडी, फरशी पावसाळ्यात ओली. उद्या अॅम्प्लिफायरच्या आत एक वायर सुटून पेटीला लागली तर वीज कुठून जाईल? पाळकसाहेबांच्या हातातून. गुणगुण घालवायचे दुसरे मार्ग आहेत. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा, कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स लावा. पिन तोडून गुणगुण घालवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. मी नवा प्लग बसवून घेतलाय. आता त्याला कुणी हात लावायचा नाही.

हे सगळं तसंच ठेवून तुमचा नवा मिक्सर लावला असता तर? तोही किंचाळला असता. फक्त निळ्या दिव्यांत किंचाळला असता.

आता पैशाचं बोलते. ते ४२,५०० कुठून आले हे तुम्हाला माहीत आहे. उपकारस्तुतीच्या रविवारी लोकांनी आणलेल्या बाजरीच्या, भोपळ्यांच्या, कोंबड्यांच्या लिलावातून आले. महिला मंडळाच्या बायकांनी पापड लाटून आणले. एका कुटुंबाने ऊसतोडीच्या उचलीतून पाचशे रुपये बाजूला काढून दिले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या पाचशेची नोट चार घड्या घातलेली होती. अशा पैशाची वस्तू घेताना तुम्ही मोबाईलवर चित्र पाहिलंत, खाली किती तारे आहेत ते पाहिलंत आणि कोटेशन मागवलंत.

तुमच्या घरचे लोक घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला जातात तेव्हा काय करतात? दात बघतात. कास बघतात. चालवून बघतात. दोन वेळचं दूध काढून दाखव म्हणतात, आणि तरी सोबत एक जाणता माणूस नेतात. बापाने हे सगळं तुमच्यासमोर केलंय. मिक्सर घेताना त्यातलं एक तरी केलंत का? दुकानात आपला माईक, आपली वायर घेऊन गेलात का? एक चॅनेल तरी चालवून पाहिलात का? नाही. नगरला दोन तासांचं काम होतं.

बरं, आकड्यांकडे या, कारण फसवणूक तिथेच होते. मिक्सरवर लिहिलेला आकडा म्हणजे माईकची संख्या नसते. यामाहाचा एमजी १० घ्या. नाव दहाचं, पण माईक लागतात चार. एमजी १२ ला सहा. एमजी ०६ ला दोनच. बेरिंजरचा झेनिक्स १२०२ घ्या, नावात बारा, माईकच्या जागा चार. यात कंपन्यांचं खोटं काही नाही, त्या सगळे इनपुट मोजतात. कीबोर्डचा डावा-उजवा मिळून दोन, मोबाईलचा डावा-उजवा मिळून दोन. पण विकत घेणाऱ्याने ते माहीत करून घेतलं पाहिजे. तुमच्या कोटेशनमधल्या १६ पैकी माईकच्या जागा किती? तुम्हाला माहीत नाही. मी फोन करून विचारलं. दुकानदारालाही माहीत नव्हतं.

म्हणून आधी आपली मोजणी करा. मी केली आहे, तुम्हीही करून ताडून पाहा. पुलपिटावर एक माईक. गाणाऱ्यांसमोर दोन. पेटीला एक. झाले चार. कीबोर्ड एक. मोबाईल किंवा लॅपटॉप एक, संडे स्कूलच्या मुलांच्या कार्यक्रमाला ट्रॅक लावतात म्हणून. ढोलकीला माईक? ४० फूट लांब, २२ फूट रुंद खोलीत ढोलकी दारापर्यंत ऐकू येते, तिला माईक लावणं म्हणजे गाणाऱ्याचा गळा दाबणं. टाळांना तर कधीच नको. टाळ आपोआप सगळ्या माईकमध्ये शिरतात.

म्हणजे चार माईक आणि दोन जोड्या. १० चॅनेलच्या वर्गातला साधा मिक्सर इथे बरोबर बसतो. नाताळात नाटक असतं, तेव्हा दोन माईक जादा लागतात असं म्हणाल तर १२ चा घ्या, सहा माईकवाला. त्यावर सरकणारे फेडर येतात, नव्या माणसाला कुठला चॅनेल किती वर आहे ते एका नजरेत दिसतं, आणि मला स्वतःला तोच पसंत आहे. त्यापुढे जायचं नाही. चांगल्या कंपनीचा १० चा मिक्सर तुमच्या कोटेशनपेक्षा पुष्कळ कमी पैशांत बसतो. किमती हलतात, तीन दुकानांत विचारा.

एक गोष्ट आणखी लक्षात ठेवा. जास्त माईक उघडे म्हणजे जास्त आवाज, हा तुमचा समज उलटा आहे. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शीळ घालण्याआधीची तुमची मोकळीक ३ डेसिबलने कमी होते. दोन माईक चालू असताना जेवढा आवाज चढवता येतो तेवढा आठ चालू असताना चढवता येत नाही. सोळा जागा रिकाम्या दिसल्या की तुम्ही सोळा माईक लावणार, मी तुम्हाला ओळखते.

इफेक्टचं आता. ९९ इफेक्टवर तुमचा जीव आहे. नववीच्या पुस्तकात निनाद शिकवला होता तो आठवतो? आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत निदान १७.२ मीटर लांब लागते. आपली मागची भिंत पुलपिटापासून १२ मीटरच्या आतच. म्हणजे प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही, तो मूळ आवाजातच मिसळतो आणि शब्दाची शेपटी लांबवतो. वर पत्रा, खाली फरशी, बाजूला सिमेंटच्या कोऱ्या भिंती. देवाने दिलेल्या या निनादात तुम्ही बटण दाबून आणखी निनाद ओतणार? प्रवचनाच्या माईकवर तो इफेक्ट गेल्या नाताळात कुणीतरी चालू ठेवला होता. पाळकसाहेब "शांती" म्हणत होते आणि आम्हाला "ती ती ती" ऐकू येत होतं. इफेक्टच्या पैशांत मागच्या भिंतीवर दोन जाड सतरंज्या टांगा. दिसायला साधं आहे, पण फरक कानाला कळेल.

यूएसबीला मात्र माझी हरकत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. अंथरुणाला खिळलेली चार माणसं आपल्या मंडळीत आहेत. उपासना नीट ध्वनिमुद्रित करून त्यांना पाठवता आली तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. ब्लूटूथसाठी देऊ नका.

आणि टॅबलेटवर चालणारा डिजिटल मिक्सर घ्यावा का, असं तुमच्यातल्या एकाने पाळकसाहेबांना विचारलंय. तिथेही आकड्याची तीच गोष्ट, बेरिंजरच्या एक्सआर १२ ला माईकच्या जागा चारच आहेत. यंत्र चांगलं आहे. पण त्यावर चॅनेलचा आवाज फिरवायला बटण नाही, ते सगळं पडद्यावर. आपल्याकडे भर प्रार्थनेत लाईट जाते. वायफाय परत जुळेपर्यंत पुलपिटाचा माईक तुमच्या हातात नसेल. आणि तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात की मागे राहिलेल्या माणसाला ते कोण शिकवणार? आपल्याला असं यंत्र हवंय जे संडे स्कूलच्या शिक्षिकाही एका शनिवारात शिकतील.

आता इकडे या, सगळे. जुन्याच मिक्सरवर दाखवते. त्याचा तिसरा चॅनेल मेलेला आहे आणि दोन बटणं फिरवताना खरखरतात, म्हणून नवा घ्यायला हवा हे मलाही मान्य आहे. पण शिकायला हा पुरे आहे.

सगळ्यात वरचं हे बटण, गेन. दोन वर्षं तुम्ही याला आवाजाचं बटण समजताय. हे माईकमधून येणारे ते मिलिव्होल्ट किती वाढवायचे ते ठरवतं. आवाजाचं बटण खाली आहे. गेन प्रत्येक माणसाप्रमाणे आधी लावायचा असतो. तू बोल. असा नाही, पुलपिटावर बोलतात तसा, पूर्ण छातीतून. आता मी गेन हळूहळू वर नेते. बघा, लाल दिवा लुकलुकला. इथे थांबायचं आणि थोडं मागे यायचं. लाल दिवा फक्त सगळ्यात मोठ्या आवाजाला क्षणभर दिसावा, एरवी विझलेला. तो सतत पेटलेला असेल तर आवाज इथेच फाटला, पुढे कुठल्याच बटणाने तो सांधला जात नाही. आणि गेन फार खाली ठेवून खालचं बटण शेवटपर्यंत वर ढकललंत तर आवाजाबरोबर सळसळ वर येते. आधी गेन, मग खालचा फेडर शून्याच्या खुणेपाशी, मग मास्टर. या क्रमाने.

हे छोटं बटण, ८० हर्ट्झचं, खालचा घूं-घूं आवाज कापणारं. कुणी दाबलं होतं? कुणी नाही. पंख्याचा वारा, फरशीवरची पावलं, बाहेरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरची घरघर, यातलं बरंचसं याच्या खाली असतं. बोलण्याच्या प्रत्येक माईकवर हे दाबलेलं हवं. माणसाचा शब्द कळतो तो त, च, स, श या वर्णांवरून, आणि ते वरच्या पट्टीत राहतात. वयाबरोबर कान पहिल्यांदा तीच वरची पट्टी गमावतात. म्हणून त्या आजींना तुम्ही आवाज वाढवून दिलात की त्यांना फक्त घुमणं वाढून मिळतं. घुमणं कापलंत तर तेवढ्याच आवाजात शब्द सापडेल. ही आपल्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

माईक कसा धरायचा तेही पाहा. परवा गाणाऱ्याने जाळीवर मूठ वळली होती, टीव्हीवर पाहून. जाळीच्या मागच्या बाजूने येणारा आवाज दाबता यावा म्हणून त्या माईकला खालच्या बाजूला झरोके असतात. ते मुठीने बुजवले की माईक चारी बाजूंचं घेतो आणि शीळ घालतो. दांडा धरा. तोंडापासून चार बोटं. आठ बोटं झाली की तीव्रता चौथाई होते, हे गणित तुम्ही परीक्षेत बरोबर सोडवलं होतं. माईकच घ्यायचा असेल तर शूअरचा एसएम ५८ १९६६ पासून जगभर वापरात आहे, साधा आणि दणकट. पण त्याच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून कुणी आणला तर मी तो परत पाठवीन. पुलपिटाला बगळ्याच्या मानेचा कंडेन्सर माईक हवा असेल तर मिक्सरला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा आहे ना ते पाहून घ्या. छोट्या मिक्सरवर तो बहुधा सगळ्या माईकना एकत्र मिळतो. चालू-बंद करताना आवाज पूर्ण खाली.

आणि चालू करण्याचा क्रम पाठ करा. आधी मिक्सर, शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना आधी अॅम्प्लिफायर. दर रविवारी सकाळी तो जो धप्पकन आवाज येतो ना, तो बॉक्सच्या पडद्यावर बसलेला धक्का असतो.

तुम्ही म्हणाल, बाई एवढं का चिडताय, एका यंत्रावरून. सांगते.

आपण नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती आहोत. आपली उपासना शब्दावर उभी आहे. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरला निघालं. आपल्याच नेवासा तालुक्यात वडाळ्याला मिशनचं ठाणं होतं. त्या काळात कृष्णराव रत्नाजी सांगळे कीर्तन करायचे, ख्रिस्ताची गोष्ट आपल्या लोकांच्या चालीत सांगायचे. माईक नव्हता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला राहिले, भजनं लिहिली, अभंग लिहिले. आजही दर रविवारी तुम्ही कीबोर्डच्या गोंगाटाखाली गाता ती त्यांचीच गाणी. त्या गाण्यांत चालीआधी अर्थ येतो. एक ओळ ऐकू आली नाही तर पुढची कळत नाही.

आणि नेवासा इथून किती लांब आहे? १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी तिथे खांबाला टेकून गीतेवर निरूपण केलं, सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. ऐकणाऱ्या माणसाला प्रत्येक अक्षर नीट ऐकू आलं, म्हणून आज आपल्या हातात ज्ञानेश्वरी आहे. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा तुम्ही अभिमानाने माना डोलवायचात. त्या तालुक्यातल्या मुलांनी ऐकू येण्याकडे इतकं दुर्लक्ष करावं, हे मला सहन होत नाही.

आवाज गावाला ऐकवायचा म्हणून बाहेर भोंगा लावू, असंही कोटेशनच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय. ते खोडून टाका. भोंग्याला ना खालचे सूर ना वरचे, गाणं त्यात चिरडतं. रात्री दहा ते सकाळी सहा तो लावायला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे, आणि नाताळच्या रात्री शेजारच्या घरात कुणी आजारी असेल तर आपण त्यांचे अपराधी.

आता तू. हो, तूच, मिक्सरवर बसणारा. मान वर कर. तू वाईट मुलगा नाहीस. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या तूच घालतोस, हे मी बघते. पण तू मिक्सर खांबाआड ठेवलायस, भिंतीला टेकून बसतोस, तिथून तुला कुणी दिसत नाही आणि लोकांना काय ऐकू येतंय ते तुला कळत नाही. प्रवचन चालू असताना तुझा अंगठा मोबाईलवर फिरत असतो. मिक्सर चालवणं म्हणजे ऐकणं. तुझ्याइतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस त्या खोलीत दुसरा असता कामा नये. तुझी जागा लोकांमध्ये आहे, मागून दुसऱ्या बाकावर, मधोमध. वायर लांब लागेल. तिची दोन्ही टोकं नीट डाग देऊन घे, जोड पट्टीने गुंडाळून नको. तुला डाग द्यायला येत नसेल तर शाळेतला माझा सोल्डरिंग आयर्न अजून आहे, मी शिकवते.

आणि पुढच्या आठवड्यापासून तुझ्याबरोबर आणखी दोघींना शिकव. गाणाऱ्या मुलींपैकी दोघी. त्यांचे कान तुम्हा सगळ्यांपेक्षा तयार आहेत, पण त्यांना कधी कुणी बटणाला हात लावू दिला नाही.

आता हे कोटेशन घ्या. यावर पाळकसाहेबांची सही होणार नाही, मंडळीच्या पंचांशी मी बोलले आहे. नवं कागदावर लिहून आणा, हाताने. पहिल्या ओळीत आपले माईक किती, कुठे. दुसऱ्या ओळीत मिक्सर, माईकच्या जागांच्या संख्येसकट. मग पुलपिटाचा माईक, दोन स्टँड, वायर, ब्रॅकेट, सतरंज्या. मिक्सर एकूण रकमेच्या निम्म्याहून कमी असायला हवा. उरलेले पैसे परत दानपेटीत. नगरला जाताना आपला माईक सोबत न्या आणि मलाही न्या, माझं एसटीचं भाडं मी भरीन.

शनिवारी पाचला सगळे इथे. जुनाच मिक्सर, जुनेच बॉक्स, फक्त जागा बदलून. मी पुलपिटावरून एक अध्याय वाचेन, एकेकाने शेवटच्या बाकावर खिडकीशी बसायचं आणि ऐकलेले शब्द वहीत लिहायचे. पंखे पाचवर ठेवा. आणि येताना एक जण आजींना रिक्षाने घेऊन या, त्यांना पायऱ्या चढायला मी मदत करीन.

आता चहा घ्या.